रियाची पाण्याची बाटली

बालाघाटहून दिल्लीच्या बड्या कॉलेजात शिकायला गेलेल्या मुलीला किस्से शोधावे लागत नाहीत. सुट्टीत घरी आल्यावर बॅग उघडली की मळक्या कपड्यांबरोबर तेही बाहेर पडतात! माझे बहुतेक किस्से माझ्या रूममेटचे, रियाचे. तिच्या पप्पांच्या फॅक्टऱ्या आहेत. किती, ते तिलाही नक्की माहीत नाही.

पहिल्या दिवशी मी बालाघाट म्हटलं, तर ती उडालीच. "अरे, वाघ बघायला आम्ही दरवर्षी तिकडे जातो!" मी जन्मात जंगल सफारी केलेली नाही. मग रात्रभर तिनेच मला माझा जिल्हा समजावून सांगितला.

पहिल्या रविवारी तिने मळके कपडे बादलीत भरून बादली दाराबाहेर ठेवली. संध्याकाळी बादली तिथेच! रिया काळजीत. "कोई ले क्यों नहीं गया?"

नंतर एकदा समानतेवर वर्कशॉप झालं. सगळे एका रांगेत उभे. मॅडम म्हणाल्या, "घरी कामाला माणसं असतील तर एक पाऊल पुढे." आमच्याकडे भाताच्या रोवणीला काका, मामा, मावश्या सगळेच राबतात. मी पुढे सरकले. रिया जागेवरच! "वो तो पापा के एम्प्लॉयी हैं!"

मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आपल्याला काय काय मिळालंय, याची जाणीव ठेव हं."

एका सीनियरला मात्र भलत्याच चौकशा. मेसमध्ये सगळ्यांदेखत त्याने मला विचारलं, "कोट्यातून आलीस?" रियाने ताटातून मानही वर केली नाही. "मैं भी कोटे से हूँ. स्पोर्ट्स. घोडेस्वारी. घोडा पापा का था." पुन्हा त्याने कुणाला विचारलं नाही. त्या दिवसापासून रिया माझी झाली.

म्हणून तिला सुट्टीत घरी आणलं.

आम्ही बौद्ध. आईच्या लहानपणी कटंगीकडच्या तिच्या गावात वरच्या जातीचे लोक कामापुरते अंगणात यायचे, बसायचे, पण पाणी पुढे केलं की म्हणायचे, "आत्ताच पिऊन आलो." त्यामुळे पाहुणा आला की आई त्याचा चेहरा नाही, पेला बघते.

आईने पाणी आणलं. रिया गोड हसली. "नहीं आंटी, मेरा है." आणि आपल्या बाटलीतून प्यायली.

आई पेला घेऊन आत गेली. मी मागोमाग.

"हेबी त्यातलीच निघाली का वं?"

"नाही वं आई! तिची मम्मी तिले बाहेरचं पानी पिऊ देत नाही. पोट नाजूक हाय तिचं."

"पोट तं तवाच्या लोकायचंबी नाजूकच होतं," आई म्हणाली.

मला रडूच आलं. बाहेर येऊन रियाला सगळं सांगितलं. ती उठली, सरळ स्वयंपाकघरात गेली, माठातून पेला भरला आणि गटागटा प्यायली. मग दुसरा. मग तिसरा.

"हळू पे वं माय, ठसका लागंल!" आई म्हणाली, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रिया संडासात! बाहेर आली की आई तिला भाताची पेज पाजायची, की ती पुन्हा आत. दिल्लीहून मम्मीचे फोनावर फोन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, "काहून वं, पाहुनी बीमार हाय का?"

आई अंगणात आली. पदर खोचला. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हौ, बीमार हाय! आपल्या घरचं पानी पेली ना थे!"