कापसाच्या दिवसांतले रोजे

माझी बायको मागच्या पावसाळ्यात गेली. लोक येतात, ओट्यावर बसतात, म्हणतात, सबर करा. सबर नाही तर दुसरं काय करतो मी? म्हातारा माणूस, ना कुठं पळता येत ना कोणाशी भांडता येत. जिच्याशी भांडत होतो तीच गेली.

मी पिंजारी. शाळा पाहिली नाही. गिऱ्हाइकांच्या गाद्या एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कोळशानं पोत्यावर नाव घालावं लागे, तेवढ्यासाठी मोठेपणी अक्षरं शिकलो. म्हणजे नावं लिहायलाच शिकलो. तरी या कागदावर मी कोणाचं नाव लिहिणार नाही. त्याचं कारण आहे, ते शेवटी येईल.

ती अकोल्याची. तिचा बापही पिंजारीच, तिथल्या जुन्या वस्तीत त्याचं पिंजण वाजत असे. लग्नानंतर आम्ही अमरावतीत राहायला आलो, कारण कापसाचा मोठा बाजार इथं. एकच खोली होती. अर्ध्यात काम, अर्ध्यात चूल, मधे तरटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे मी धनुष्यासारखं पिंजण छताला टांगून त्याच्या तातीवर लाकडी दांडकं मारायचो, कापूस मोकळा होऊन उडायचा. पलीकडे ती तो कापूस हातानं उकलायची, खोळीत भरायची, टाके घालायची. पडदा नावाला होता. कापूस पडदा मानत नाही.

मग ते दिवस आले. समुद्रापलीकडच्या कुठल्या मुलखात लढाई लागली म्हणे, आणि आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई कोणाची, कशाची, आम्हाला काही ठाव नव्हतं. एवढंच दिसे की बैलगाड्यांची रांग बाजारापासून वेशीपर्यंत लागते आणि कालपर्यंत चिलमीला महाग असलेला माणूस जरीचा फेटा बांधतो. शेतातला कापूस संपला तसा लोकांनी अंगाखालच्या गाद्या बाहेर काढल्या. बापाच्या, आज्याच्या वेळच्या. उसवा, पिंजा, मोकळा करून द्या, विकायचा आहे. माणसं थंडीत नुसत्या बाजेवर निजली, पण गादी विकली. माझ्या दारात त्या गाद्यांचा ढीग लागला. जुना कापूस म्हणजे अर्धी धूळच. पहिला ठोका मारला की खोलीत धुकं.

त्या सालांत रमजान थंडीत यायचा, ऐन कापसाच्या दिवसांत. पहाटे भाकर खाऊन, रोज्याची नियत करून आम्ही दोघं कामाला बसायचो. तोंडाला फडकं बांधायचो, पण फडकं काय करतं? संध्याकाळी भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. इफ्तारीच्या वेळी पहिली चूळ भरली की तिच्यात कापसाचे तंतू यायचे.

एक दिवस भातकुलीकडचा एक कुणबी आपली गादी घेऊन आला. ओळखीचा माणूस, तोंडानं मोकळा. मला पाहून हसला.

"काय मिया, रोजा हाय म्हनता अन् खाऊन राहिले!"

"काय खाऊन राहिलो?"

"कापूस. साऱ्या वऱ्हाडातली महाग चीज. आमी इकून खातो, तुमी फुकटच खाता."

मी हसलो. तोही हसला, गादी टाकून गेला. पडद्याआड मात्र टाके घालणारा हात थांबला, ते मला कळलं. सुई कापडातून निघते तिचा एक बारीक आवाज असतो. तो बंद झाला.

इफ्तारीला पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "तो माणूस बोलला ते खरं हाय का?"

"मस्करी केली त्यानं."

"मस्करी त्याची. रोजा माहा हाय. घशात जाते ते जातेच ना?"

"अवं, आपण काय घास मारतो का कापसाचा?"

"तुमी मौलवीसाहेबाले इचारून या."

मी दुसऱ्या दिवशी मशिदीत विचारलं. मौलवीसाहेब भले होते. म्हणाले, वाटेवरची धूळ, चुलीचा धूर, जात्यावरचं पीठ, हे माणूस मागत नाही, आपणहून आत जातं. त्यानं रोजा तुटत नाही. जा, आपलं काम कर.

मी हलक्या पायांनी घरी आलो. सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली.

"तुमी काय इचारलं त्यायले?"

"कापूस घशात जाते, रोजा तुटते का?"

"अन् कायच्यासाठी जाते, ते सांगतलं?"

"ते कायले सांगाव?"

"तेच त सांगाचं होतं." तिनं फडकं झटकलं. "जात्यावर बसनारी भाकरीसाठी दळते. पीठ उडते त उडो. आपली भाकर त दुपारपर्यंतच पिंजून होते. दुपारच्या मांगं जो कापूस मी गिळते, तो कायच्यासाठी?"

"सुगी हाय म्हणून. अशी सुगी पुन्हा येते का?"

"म्हनजे हावेसाठी."

मला राग आला. घराचं छप्पर गवताचं होतं, पावसाळ्यात गळायचं. या सुगीत त्यावर मातीचे भाजलेले कवेलू चढवायचे असं मी ठरवलं होतं. तिलाही माहीत होतं. मी म्हणालो, "कवेलू पाहिजे म्हणणं हाव हाय का? अन् तू मौलवीपेक्षा शायनी झाली का?"

"नाई. ते शायनेच हायत. पन मी कायच्या इच्छेनं बसली, ते त्यायले कसं दिसन? तुमालेही नाई दिसत. मले दिसते, अन् त्याले दिसते." असं म्हणून तिनं छताकडे नाही, खाली आपल्या हाताकडे पाहिलं. "तिथं मले एकटीले इचारतीन. तवा मी काय मौलवीसाहेबाले पुढं करू का?"

 मी जास्तच जोरानं बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपला कायदा केला. जोहरची, म्हणजे दुपारची, अजान झाली की सुई खोवून ठेवायची, अंगावरचा कापूस झटकायचा, वजूला हातपाय धुऊन नमाज पढायची आणि मग मागच्या दारी उन्हात डाळ निवडत बसायची. आत यायची नाही. मी एकटाच ठोके मारत राहायचो. कापूस मोकळा व्हायचा, पण बाजारात न्यायला तो भरून शिवायला कोणी नाही, खोळी तशाच पडून. गिऱ्हाइकं तगादा लावायची.

"काऊन बावा, बाई आजारी हाय का?"

"नाई."

"मंग माहेरी गेली का?"

"मांगं बसली हाय उन्हात."

"अन् काम?"

"तिच्या रोज्याले माहं काम बाधते!" मी असं काहीबाही बोलायचो. तिला ऐकू जायचं.  तीन शब्दांना तीस शब्द ऐकवणारी बाई, पण या एका गोष्टीत तिनं कधी उलटून उत्तर दिलं नाही आणि शेजारणींनाही कारण सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, डोळ्यांत कापूस जाते.

सुगीच्या शेवटी कवेलू आणले ते अर्ध्या घरालाच पुरले. अर्धं छप्पर लाल, अर्धं गवताचं. रस्त्यानं जाणारे येणारे हसत. तिचा बाप अकोल्याहून आला, मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "जावईबापू, तुमच्या घरानं अर्धी टोपी घातली." ती इतकी हसली की तिला खोकला लागला.

तरी तिच्या जीवाला समाधान नव्हतं. नियम करायच्या आधीचे जे रोजे झाले होते, ते तिच्या मनात अडकून राहिले. पावसाळ्यात पिंजणाचं काम बंद असतं. हवा ओली, तात सैल पडते, कापूस चिकटतो. त्या दिवसांत मी पाहिलं, ती मला वाढायची, समोर बसायची, भाकरीचा वास घ्यायची, आणि जेवायची नाही.

"काऊन?"

"भूक नाई."

दोनचारदा ऐकलं, मग मला समजलं. "तू ते रोजे पुन्हा ठेवून राहिली का? मौलवीनं त माफ सांगतलं होतं!"

"हळू बोला. शेजारी आयकतीन."

"आयकू दे. चोरी हाय का?"

"चोरी नाई. पन लोकायनं आयकलं त ते लोकायसाठी होते." मग म्हणाली, "तुमी पायलं नसतं त बरं झालं असतं. आता तुमीच एक मानूस झाले ज्याले माईत हाय."

पावसाळ्याचा दिवस लांब. पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत पाणी नाही. बाहेर पाणी धो धो पडतं आहे आणि ही बाई तहानलेली. गवताच्या बाजूनं छप्पर गळायचं, तिथं ती पितळी गंज ठेवायची, भरला की उचलून ओतून यायची, ओठाला लावायची नाही.

पुढं लढाई थांबली म्हणतात. कापूस जसा चढला तसा पडला. ज्यांनी अंगाखालच्या गाद्या विकल्या होत्या तेच परत आले, म्हणाले, भरून दे बावा, पाठ दुखते. जरीचे फेटे गेले. आमच्या घराचं उरलेलं छप्पर लाल व्हायला पुष्कळ वर्षं लागली. रमजान सरकत सरकत पावसाळ्यात गेला, उन्हाळ्यात गेला, आणि ती गोष्ट निघेनाशी झाली. लेकरं झाली, त्यांची लग्नं झाली, एक लेक अकोल्यालाच दिली. मला वाटलं, ती विसरली.

ती विसरली नव्हती. शेवटच्या दुखण्यात छातीत खोकला बसला होता. हकीम म्हणाला, कापूस आहे हा, सारा जन्म आत गेलेला. तिला हे ऐकू आलं. हकीम गेल्यावर मला जवळ बोलावलं.

"आयकलं का? अजून आतच हाय तो."

"काय?"

"त्या सालचा कापूस. त्याचे काई रोजे राह्यले माहे. ते फेडता फेडता शेवटच्या पावसाळ्यात लेकरू पोटात होतं, मंग दुसरं झालं. राह्यलेच ते." तिचा श्वास लागत होता. "ते झाले असं धरतीन का हो?"

मी म्हणालो, "मी ठेवतो तुह्या वाट्याचे."

"दुसऱ्याचा रोजा दुसऱ्याले चालत नाई. इतलंही माईत नाई का तुमाले? ज्याचा त्याले."

आता एखादा गोड माणूस असता तर म्हणाला असता, होय, सगळे कबूल झाले, तू सुखानं नीज. माझ्या तोंडाशी ते आलं होतं. पण ही बाई सारा जन्म खरं काय ते विचारत आली. हिला मरताना मी माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी कशी सांगू?

मी म्हणालो, "मले नाई माईत."

मग मी तिच्या बाजेजवळ सरकून बसलो.

"पन एक माईत हाय. तू उन्हात बसली, ते मी पायलं. पावसात तहानली राह्यली, तेही पायलं. तू घाबरून वागली, कोनाले दाखवाले नाई वागली. तिथं मले बोलावलं त मी साक्ष देईन."

ती हसली. खोकला आला तरी हसली. "तुमची साक्ष कोन घेईन? तुमी त तिथंही भांडसान."

"भांडीन. तुह्या बाजूनं भांडीन या टायमाले."

मग तिनं हात माझ्या हातावर ठेवला. बोटांना सुईचे घट्टे होते, मरेपर्यंत गेले नाहीत. म्हणाली, "बरं झालं मंग, तुमी पायलं ते." पुन्हा तिनं ती गोष्ट काढली नाही. शांत होती. पाऊस उघडला त्या दिवशी गेली.

मातीनंतर मी आताच्या मौलवीसाहेबांकडे गेलो. तरुण आहेत. तेही तेच म्हणाले, ते रोजे झालेच होते, त्यांची कजा, म्हणजे परतफेड, लागतच नव्हती. मी म्हणालो, तुम्हाला नीट माहीत आहे, पण तिला मनातून वाटत होतं. तरी तिच्या राहिलेल्या रोज्यांच्या बदल्यात मशिदीतल्या मुसाफिरांना जेवू घातलं. कोणाच्या नावानं, ते त्यांना सांगितलं नाही. तिचं नाव या कागदावर घातलं नाही तेही यासाठीच. तिनं जे झाकून ठेवलं ते मी उघडं केलं, निदान कोणाचं होतं ते तरी झाकलेलं राहो. लिहिलं कशाला असं कोणी विचारील. मला साक्ष द्यायची आहे, आणि म्हातारपणी डोकं रिकामं होत चाललं आहे.

रमजान सगळे ऋतू फिरून आता परत थंडीत आला आहे, कापसाच्या दिवसांत. माझी कमाई आता कोणाला लागत नाही, पोरगा करतो. पण हात बसू देत नाहीत. फडकं बांधून थोडं पिंजतो. जोहरची अजान झाली की दांडकं ठेवून देतो आणि मागच्या दारी उन्हात जाऊन बसतो, तिच्या जागेवर.

काल शेजारचा तेली डोकावला. "काऊन चाचा, दुपारीच काम बंद?"

मी म्हणालो, "पोट भरलं."

तो माझ्या सुकलेल्या ओठांकडे पाहून हसत निघून गेला. समजला नाही. ते बरंच आहे.