नवलकोलाची पानं आणि दोन मॅनाटी

प्राणिसंग्रहालयात मॅनाटी, म्हणजे पाणगायी, बघायला जायचं, हे माझ्या यादीत जूनपासून होतं. लेकीच्या पुस्तकात मॅनाटीचं एक पानभर चित्र आहे. राखाडी, ढोली, मिशाळ तोंडाची, आणि तोंडापुढे कोबी. ते चित्र तिने आजीला इतक्या वेळा दाखवलं होतं, की पुस्तक आता त्याच पानावर आपोआप उघडायचं. सासूबाई जुलैत पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत आल्या होत्या आणि पुढच्या गुरुवारी परत जाणार होत्या. शनिवार एकच उरला होता. नवरा ऑन-कॉल होता, म्हणून आम्ही तिघी निघालो.

मी यादीशिवाय घराबाहेर पडत नाही. त्या दिवशीची यादी अशी होती: ७.५० ची ट्रेन, दिवसभराचं ग्रुप तिकीट, पराठे, पाण्याच्या बाटल्या, लेकीचं जास्तीचं जाकीट, सासूबाईंची गुडघ्याची गोळी, ११.३० ला मॅनाटींचं जेवण, १ वाजता आपलं जेवण, मग सुटका करून आणलेले प्राणी, ४.१२ ची परतीची ट्रेन.

एक गोष्ट मात्र यादीत बसत नव्हती. बुधवारी जेवताना सासूबाई सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या होत्या, की आता पुन्हा काही मी इकडे यायची नाही. नवऱ्याला वाटलं, प्रवासाचा कंटाळा आला असेल. मला वाटलं, गुडघे. लेक वरण-भात अर्धा टाकून उठली. कारण विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, कारण कशाला लागतंय? तेव्हापासून तो विषय घरात पायात येत होता.

ट्रेन वीस मिनिटं उशिरा आली. मी तेवढं धरूनच चालले होते. सासूबाईंच्या मांडीवर एक फुगलेली कापडी पिशवी होती. माझ्या यादीत ती नव्हती, पण स्वेटर असेल म्हणून मी विचारलं नाही. ही माझी चूक.

मॅनाटींचं घर म्हणजे मोठा काचेचा मांडव होता. आत शिरताच चष्म्यांवर वाफ आली आणि सासूबाईंनी तीन महिन्यांत पहिल्यांदा शाल काढली. खाली हिरवट पाण्यात दोन मॅनाटी तरंगत होत्या, कणीक मळून झाकून ठेवावी तशा गुळगुळीत आणि निवांत. एक जण लेट्यूसचा अख्खा गड्डा ओठांनी फिरवत फिरवत खात होती. लेकीने पुस्तकातली सगळी माहिती जर्मनमध्ये सांगितली, मी तिचं मराठी केलं. दिवसभर पालाच खातात हे ऐकल्यावर सासूबाईंनी एकदा मॅनाटीकडे पाहिलं आणि एकदा माझ्याकडे.

"नुसत्या सॅलडवर एवढं अंग? मग तू रोज रात्री ते कशाला खातेस गं?"

तेवढ्यात लेक मनाई आहे म्हणून जर्मनमध्ये ओरडली, "नाइन, आजी! फरबोटन!"

कापडी पिशवीचं तोंड उघडं होतं आणि सासूबाईंच्या हातात नवलकोलाच्या पानांची जुडी होती. कठड्यावरून त्यांचा हात पाण्याच्या दिशेने निघालेला.

ही पानं कुठून आली ते मला लगेच कळलं. इथल्या दुकानात लोक नवलकोल घेतात, पानं मोडून तिथल्या खोक्यात टाकतात आणि नुसता गड्डा घरी नेतात. पहिल्या आठवड्यात ते पाहून सासूबाई खोक्यापाशी थबकल्या होत्या. पुण्यात त्या भाजीची देठं, पानं, मटारची सालं वेगळी ठेवतात आणि रोज सकाळी सोसायटीमागच्या गोठ्यात नेऊन देतात, मगच चहा घेतात. इथे तो सगळा पाला माझ्या शिस्तीप्रमाणे ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात जायचा. शुक्रवारी त्या लेकीला घेऊन दुकानात गेल्या होत्या, त्याचं कारण आता पिशवीत दिसत होतं. कोबीचं ते चित्र त्यांनी माझ्यापेक्षा नीट पाहिलं होतं.

हिरवे गमबूट घातलेली एक बाई आली. प्राण्यांची देखभाल करणारी. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ती रागावली नव्हती. तिने भिंतीवरचा फळा दाखवला. कोणाला किती लेट्यूस, किती चायनीज कोबी, किती गाजरं, सगळं वजन करून लिहिलेलं, पुढे सही. मला तो फळा फार आवडला. बाहेरच्या पानांवर काय फवारलंय ते कळत नाही, दोघींतल्या म्हाताऱ्या मॅनाटीचं पोट मागे एकदा बिघडलं होतं, म्हणून बाहेरचं काही चालत नाही, असं तिने सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, तिला विचार, गोठ्यातली गाय कधी वजन करून खाते का? मी भाषांतरात थोडी साखर घातली. बाई हसली, पण पानं घेतली नाहीत. सासूबाईंनी जुडी पिशवीत ठेवली, पिशवीचे बंद दोनदा बांधले आणि शाल पुन्हा पांघरली.

एक वाजता बाकावर पराठे काढले. लेक समोरच्या घसरगुंडीकडे पळाली. मी सासूबाईंना म्हटलं, नियम आहेत, वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी पराठ्याचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"पानांचं नाही गं. तुझ्या घरात सगळ्यांची कामं यादीत असतात. माझ्या नावापुढे काही नसतं."

मी फोन उघडून दाखवायला गेले, की असतं, तुमचं नाव रोज असतं. नाव होतं. सोमवार ते रविवार, प्रत्येक दिवशी, त्यापुढे मीच मोठ्या प्रेमाने लिहिलेला एकच शब्द होता: आराम. मी फोन पर्समध्ये टाकला. लोणच्याची बाटली पुढे केली.

मग आम्ही सुटका केलेल्या प्राण्यांकडे गेलो. गवत कापायच्या यंत्रात पाय गेलेला कोल्हा तीन पायांवर छान पळत होता. सर्कशीतून आणलेलं अस्वल पाठ करून झोपलं होतं. एका कुंपणात एकटा करकोचा उभा होता. पंख मोडलेला, म्हणून बाकीचे दक्षिणेला गेले तरी हा इथेच, असं पाटीवर लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं.

"व्हिसा नाकारला वाटतं बिचाऱ्याला," सासूबाई म्हणाल्या. मला हायसं वाटलं.

हरणांच्या कुंपणापाशी एक लाकडी शेड होतं, दारात वजनाचा मोठा काटा. लेकीने पाटी वाचली आणि उड्या मारायला लागली. मी भाषांतर केलं: ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून रानचेस्टनटच्या बिया आणून द्या, सुक्या, वरचं काटेरी साल काढलेल्या. हिवाळ्यात हरणांना आणि रानडुकरांना घालतो. शाळेतली मुलं पोती भरून आणतात, हे लेकीला माहीत होतं. मला नव्हतं.

सासूबाईंनी पाटी पुन्हा वाचायला लावली. बाहेरचं चालतं? चालतं. लोकांनी दिलेलं? हो. आपण पण द्यायचं? आपण पण.

पण सप्टेंबर संपायला दोन दिवस होते. शेडला कुलूप होतं आणि त्यांचं विमान गुरुवारी.

बाहेर पार्किंगमध्ये चेस्टनटची झाडं होती आणि खाली सडा पडला होता. चकचकीत, तपकिरी. सासूबाईंनी त्यातला एक तोंडाजवळ नेला, तर लेकीने हात धरला. हे माणसांनी खायचे नसतात. मग त्यांनी पानांची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली आणि जाकिटाचे खिसे भरायला लागल्या. लेक जर्मनमध्ये सांगत होती, भोकवाले नको, मऊ नको. सासूबाई मराठीत विचारत होत्या, हा चालेल? हा? मी मध्ये पडले नाही. गुडघ्यांचं काय, हेही विचारलं नाही. ४.१२ ची ट्रेन गेली. मी ५.१२ चं बघून ठेवलं.

ट्रेनमध्ये बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, फोन काढ, लिही. मी लिहायला लागले. हे चेस्टनट तळघरात वर्तमानपत्रावर पसरायचे. रोज शाळेतून आल्यावर नातीने हलवायचे. ऑक्टोबरात तिने आणि बाबाने नेऊन द्यायचे, काट्याचा फोटो मला पाठवायचा. नवलकोलाच्या पानांची आज पीठ पेरून भाजी, ती मी करणार, तू स्वयंपाकघरात यायचं नाहीस.

मग खिशातले चेस्टनट चाचपत त्या म्हणाल्या,

"पुढच्या वर्षी जुलैचं तिकीट काढू नका. व्हिसा तीनच महिन्यांचा, तर ऑगस्टचं काढा, ऑक्टोबर संपेपर्यंतचं. काट्यावर मी स्वतः घालणार."

लेकीने माझ्या हातातून फोन घेतला. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून आजीच्या नावापुढे काय लिहिलंय ते तिने मला विचारलं. मी सांगितलं: आराम. सासूबाई म्हणाल्या, "ते आधी खोड."

लेकीने स्वतःच ते पुसलं आणि तिथे बोटाने चेस्टनटचं एक चित्र काढलं.