पहिल्या गिअरचं सुख

स्पीडब्रेकर आला की माझी नवी लाल स्पोर्ट्स कार मांजरीसारखी पोट जमिनीला घासते. मग मी शेजारी बसलेल्या चुलतभावाला मधाळ आवाजात म्हणतो, "दादा, उतर जरा. गाडीला झेपत नाही."

हे वाक्य त्याचंच. लहानपणी घरातली एकुलती एक मोटार त्याच्या हाती होती आणि घाटातल्या प्रत्येक चढावर तो मलाच उतरवायचा. "उतर रे ढोल्या, गाडीला झेपत नाही!" मी धापा टाकत मागून चालायचो आणि मागच्या काचेतून सगळी भावंडं खिदळायची.

लोकांना वाटतं, अशी गाडी वेगासाठी घेतात. छे! खरं सुख पहिल्या गिअरमध्ये आहे. गाडी अलगद उंचवटा ओलांडते, आरशात दादा पँट सावरत चालत येतो आणि गुडघे धरून पुन्हा त्या बुटक्या सीटमध्ये शिरतो.

"अजून किती आहेत रे?" काल त्याने काकुळतीने विचारलं.

क्षणभर मला त्याची दया आली. पण क्षणभरच.

परतीला मी शाळांसमोरचा रस्ता धरला. मुलांच्या काळजीपोटी तिथे पावलोपावली स्पीडब्रेकर घातलेत.