खाटेवरची पुरचुंडी

आमच्या दरेकसा गावात थंडी लवकर पडते. म्हणून धान कापून झालं की माझ्या सासूबाई, कलाबाई, मिरचीचं बी भिजवायच्या, ओल्या फडक्यात त्याची पुरचुंडी बांधायच्या आणि सासऱ्यांच्या गोधडीत पायाशी ठेवायच्या. लकव्यामुळे ते तीन वर्षं खाटेवरच होते. त्यांच्या अंगाच्या उबेनं पाचव्या दिवशी पांढरे कोंब फुटायचे.

सासरे पावसाळ्यात गेले. सासूबाई रडल्या नाहीत. यंदाही त्यांनी पुरचुंडी त्याच रिकाम्या खाटेवर गोधडीत ठेवली. आठव्या दिवशी सोडली तर बी थंडगार, जसंच्या तसं.

"चुलीजवळ ठेवाचं होतं नं," मी चिडून म्हटलं. "खाटेवर कोन हाय आता?"

"कोनी नाई," त्या म्हणाल्या, पीठ संपलं म्हणून सांगावं तशा.

त्यांनी दुसरं बी भिजवलं. दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी त्यांना जेवायला बोलवायला गेले, तर त्या खाटेवर गोधडी ओढून पडल्या होत्या, पुरचुंडीला पाय लावून.

"तू जेवून घे," त्या म्हणाल्या. "मले पाच दिवस लागतीन."