गोमुखाचा बोळा

आमच्या अण्णामामांचा गजेंद्रमोक्ष पुण्यात फार चालायचा. मगरीने हत्तीचा पाय धरला, हत्तीने सोंड वर करून आर्त हाक मारली आणि देव गरुडाचीही वाट न बघता धावत सुटला, इथपर्यंत आले की मामा चिपळ्या थांबवून डोळे पुसत. मग मंडळीही पुसत. मी मागे पेटीवर असे. त्या हत्तीसाठी मी वीस वर्षं भाता हलवत होतो, तेव्हा माझे डोळे कोरडे राहत हे समजून घ्यावं.

बहात्तरचा पाऊस गेला तो गेलाच. पुढच्या उन्हाळ्यात जालन्याजवळच्या टेंभुर्णीकडच्या एका खेड्यातून मामांना पत्र आलं. महादेव कोंडायचा आहे, तरी प्रार्थनेच्या सामर्थ्यावर दोन दिवस कीर्तन करावे. "बघ," मामा म्हणाले, "हत्ती मराठवाड्यात पोचला." दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. पेटी एसटीच्या टपावर, मामा खिडकीशी आणि मी एका शेळीच्या शेजारी.

जालन्यात मस्तगडला मामांच्या ओळखीच्या एका घरी मुक्काम होता. सकाळी मामांनी सात नद्यांची नावं घेत आंघोळीला दोन बादल्या संपवल्या. यजमान दाराशी उभे राहून बघत होते. नद्या इतक्या असल्याचं त्यांना त्या दिवशी फार लागलं असावं. मी एका तांब्यात उरकलं, म्हणून जाताना त्यांनी फक्त मला चहा विचारला.

टेंभुर्णीच्या रस्त्यावर दुष्काळी कामं चालू होती. बायका डोक्यावर पदर घेऊन खडी फोडत होत्या, आणि एसटी गेली की सगळ्या धुळीत दिसेनाशा व्हायच्या. पुढे दोन तास बैलगाडी. झाडांना पाला नव्हता आणि बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. मामा वाटभर गाडीवानाला श्रद्धा म्हणजे काय ते सांगत होते. तो "बराबर हाये महाराज" म्हणायचा आणि बैलांना हाकायचा.

गावच्या पाटलांनी विहिरीपाशीच स्वागत केलं. गावात पाणी असलेली ही एकच विहीर, आणि तिथे माणसांची रांग लागलेली. घागरी हातोहात देवळात चालल्या होत्या. पाटलांनी मला समजावून सांगितलं, "गाभाऱ्यात पिंड बुडूस्तोवर पानी भरायचं. गोमुखाला (अभिषेकाचं पाणी बाहेर पडायची दगडी पन्हळ) बाहेरून चिंध्या-चिखलाचा बोळा मारायचा. देव गुदमरला की मंग पाऊस पाडतो. आमच्या आज्याच्या टायमापासून करून राह्यलो."

मी मनात म्हटलं, धन्य आहे. हत्तीच्या गोष्टीत देव सोडवायला येतो, इथे देवालाच मगरीच्या तोंडी दिलंय. गावात प्यायला पाणी नाही, म्हणून असलेलं पाणी कोंडून ठेवायचं, ही युक्ती मला पुण्यात सुचली नसती.

तेवढ्यात पाटलांनी एक भरली घागर मागवली आणि पाहुण्यांच्या पायांवर ओतवली. गार वाटलं, खोटं कशाला बोलू.

विहिरीपासून दहा पावलांवर एक बाई रिकामी घागर घेऊन बसली होती. सोनाबाई तिचं नाव. खालच्या वस्तीतली, छप्पन साली बौद्ध झालेल्या घरांपैकी एका घरची. वस्तीचा आड दिवाळीलाच आटला होता आणि या विहिरीच्या दोराला वस्तीने हात लावायचा नाही, असा रिवाज. वरच्या कुणीतरी वरून ओतायचं, तेव्हा घागर भरणार.

"दादा, येक घागर वाढा," ती म्हणत होती. "पोरगी बाळंतीन हाये. आज पाचवा दिस. घरात घोटभर न्हाई."

"आज देवाचं पानी हाये, सोनाबाई," पाटील म्हणाले. "उद्या ये. आम्ही कधी न्हाई म्हनलो का तुला?"

तिने पाच वेळा हाक मारली. मी मोजल्या, कारण तालाची सवय. पाचवीनंतर ती उठली आणि उतारावरून खाली गेली. मला वाईट वाटलं. मी पेटी उचलली आणि पाटलांच्या मागे जेवायला निघालो.

जेवायला पाटलांकडे भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेल्या पिठाची) होती. झणझणीत आणि उत्तम. तिसऱ्यांदा वाढली तेव्हा मला तिच्यातलं पाणी दिसायला लागलं, तरी मी ती संपवली.

संध्याकाळी मामांनी हत्ती काढला, मग द्रौपदी काढली. हाक खरी असेल तर देवाला बसवत नाही, असं त्यांनी इतकं कळवळून सांगितलं की पाटील हुंदके द्यायला लागले. ज्यांनी दिवसा रांगेत घागरी दिल्या होत्या, ते सगळे रडत होते.

मी देवळाच्या ओट्यावर झोपलो होतो. फटफटताना पाण्याच्या आवाजाने जाग आली. देवळामागे जाऊन बघतो तो गोमुख वाहतंय, पाणी उतारावरून चाललंय आणि वस्तीतल्या बायका घागरी लावून उभ्या आहेत. सोनाबाईच्या हातात चिखलाने भरलेल्या चिंध्या होत्या.

तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "सांगायचं तर सांगा."

"देवाची प्रार्थना केलीत का?" मी विचारलं. माझं तोंडच असं आहे, भलत्या वेळी वाकडं चालतं.

"म्या देवाला कशाला हाक मारू?" ती म्हणाली. "हाक मारली ती विहिरीवर, मान्साला. ती तुमीबी आयकली. मंग बोळा काढला." आणि घागर डोक्यावर घेऊन ती गेली.

तासाभराने पाटील आले. गाभाऱ्यात पिंड उघडी पडलेली. त्यांच्यामागे चार तरणी पोरं आणि पोरांच्या हातात काठ्या. वस्तीकडे जायची तयारी होती. पाटलांनी मला विचारलं, "तुम्ही हितंच निजले व्हते. कोनी आल्तं का?"

बोळा आपोआप सुटला म्हणावं, तर चिंध्या जागेवर नव्हत्या.

पण मामा तोवर आंघोळ करून आले होते. (कुठल्या पाण्याने, विचारू नका.) त्यांनी अजून ठिबकणारं गोमुख बघितलं, हात जोडले आणि खड्या आवाजात म्हणाले, "पाटील, कुठल्या तरी जिवाने खरी हाक मारली. देव आतून निघाला आणि गेला!" पोरांनी काठ्या खाली ठेवल्या. पाटील गोमुखाला नमस्कार करून घरी गेले. मामांना बोळ्याचं काहीएक ठाऊक नव्हतं. कीर्तनाच्या उत्तररंगात ते जे रोज सांगत, तेच त्यांनी सांगितलं.

परतताना गाडी वस्तीवरून गेली. सोनाबाईच्या दारात दोरीवर धुतलेली बाळोती वाळत होती. ती बाहेर आली नाही. पाऊस आमच्या मागे बरेच दिवस पडला नाही, असं पुढे कळलं.

पुण्यात पंधरा दिवसांत ती गोष्ट कीर्तनात आली. एक भोळी भाविक बाई, घरात बाळंतीण (एवढं मामांनीही विहिरीवर ऐकलं होतं), तिने "धाव रे महादेवा" म्हणून टाहो फोडला आणि गाभाऱ्यातून गंगा निघाली. गोष्टीत विहीर नव्हती, दोर नव्हता, पाटील नव्हते. हत्तीपेक्षा ही जास्त चालली. मी सूर धरून बसलो होतो.

आरतीनंतर पहिल्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत माझ्याकडे आल्या. "तुम्ही तिथे होतात ना? काय हाक मारली असेल हो तिनं!"

"पाच मारल्या," मी म्हणालो. "मी जवळच उभा होतो. पायांवर पाणी घेत."

त्यांना ते नीट कळलं नाही. प्रसादाचा पेढा घेऊन त्या घरी गेल्या.