चिमण्यांच्या घरांना ओटा

मला अक्षरओळख झाली ती पत्रकांवर. म्हसावदच्या आमच्या घरात खाटेखाली, कपाटावर, पिठाच्या डब्यामागे पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील ती लिहीत, छापून आणत आणि सायकलवरून गावोगाव वाटत. मजुरी, पाणी, डोंगरातल्या लोकांच्या जमिनीचे हक्क. वर्गातली मुलं 'घर', 'कमळ' गिरवत होती तेव्हा मला 'निषेध' बिनचूक लिहिता येत होतं.

मी मोठ्या वर्गात गेले तेव्हा कौलं काढून स्लॅब टाकायचं ठरलं. आईला ते पसंत नव्हतं. कौलांखाली चिमण्या राहायच्या. भाकरी थापताना ती त्यांच्याशी बोलायची, पिठात काड्या पडल्या की शिव्याही द्यायची. स्लॅबला ती एकाच अटीवर तयार झाली: आधी चिडींची सोय करा. आमच्याकडे चिमणीला चिडी म्हणतात. वडिलांनी शब्द दिला.

स्लॅब टाकून झाला आणि स्वयंपाकघर मुकं झालं. आई चुलीपुढे गप्प बसू लागली. चिमण्या हरवल्या म्हणून हळहळणारे लेख मी नंतर पुष्कळ वाचले. त्यात मोबाइलचे मनोरे असतात, प्रदूषण असतं. आपण आपल्या हातांनी फटी बुजवल्या, हे एक वाक्य तेवढं नसतं. आम्हीही बुजवल्या होत्या.

वडिलांनी आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या उकलून चार घरं केली आणि परसातल्या भिंतीवर ठोकली. प्रत्येक घराच्या दारापुढे तळहाताएवढी फळी बसवली. विचारलं तर म्हणाले, ओटा. ओट्याशिवाय घर कसलं?

हे त्यांनी गमतीत म्हटलं नव्हतं. आमच्या ओट्यावर कुणीही बसायचं. कापूस वेचायला, ऊस तोडायला डोंगरातून उतरलेली माणसं गावातल्या कितीतरी ओट्यांखाली, धुळीत उभी राहत. आमच्याकडे ती वर बसत, पाणी पीत, वडिलांकडून कागद वाचून घेत. त्यावरून भावकीतल्या दोघांनी आमच्याकडे येणं सोडलं होतं. वडिलांना त्याचा अभिमान होता, आणि मला अजून आहे.

पहिल्या उन्हाळ्यात चिमण्यांनी काड्या आणल्या आणि टाकून दिल्या. ती भिंत पश्चिमेची. दुपारनंतर घरांना हात लावला तर चटका बसायचा. पुढच्या थंडीत आईने घरं काढायला लावली आणि पूर्वेला, छज्ज्याखाली लावून घेतली. पावसाची झड लागू नये म्हणून वर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कापून घातला, चेहरा खालच्या बाजूला. या माणसाचा गावाला झालेला हा पहिलाच उपयोग, असं वडील म्हणाले. मांजर सरपणाच्या ढिगावरून चढायची, म्हणून ढीग हलवला आणि भिंतीलगतच्या पाइपाला बाभळीच्या काट्या बांधल्या. आईच्या हातांवर ओरखडे उठले. तिने हळद लावली आणि कामाला लागली.

त्या वर्षी दोन घरांत पिल्लं झाली. चुलीपुढे पुन्हा बोलणं सुरू झालं. माझ्याकडे पाठ करून आई भिंतीपलीकडच्या चिमणीला सांगायची, की पोरगी अभ्यास करत नाही, नुसती पत्रकं वाचते.

मग एका सकाळी कावळा आला. एका घराच्या दारापुढच्या फळीवर तो पाहुण्यासारखा ऐसपैस बसला. भुकेलं पिल्लू दारातून चोच वासून डोकावलं आणि त्याने ते उचललं. आई लाटणं घेऊन धावली तोवर तो परत येऊन दुसरंही घेऊन गेला होता. एक घर रिकामं झालं. दुसऱ्यातली पिल्लं ओरडत होती आणि कावळा लिंबावर बसून ऐकत होता.

आईने वडिलांना एवढंच सांगितलं, की फळ्या कापा. वडील सभेत बोलावं तसं बोलू लागले. कावळ्याला हाकलता येईल, जाळी लावता येईल. पण दार असं उघड्यावर लटकतं ठेवायचं म्हणजे काय?

"घर शे ते, तुरुंग नही," ते म्हणाले.

"मंग त्या कावळाले तुम्हनं पत्रक वाची दखाडा," आई म्हणाली.

शेजारचे म्हातारे जिभाऊ कुंपणावरून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, तू चिडीसले घर बांधं का कावळासले हाटेल?"

वडील चिडले. मीही त्यांच्याच बाजूने होते. ज्याला हवं त्याने येऊन बसावं, याच तत्त्वावर मी वाढले होते. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती पदराने हात पुसत होती.

"चिडीसले वट्टा कसाले?" ती वडिलांना म्हणाली. "त्या आपला वट्टावर येतस ना."

खरंच होतं. ती पुढच्या ओट्यावर धान्य निवडायची तेव्हा चिमण्या तिच्या सुपाच्या कडेला यायच्या. वडील घरात जाऊन करवतीचं पातं घेऊन आले.

पिल्लं आत होती. हिसका बसून घर निखळलं तर सगळंच गेलं असतं. वडिलांनी एका हाताने घर भिंतीशी दाबून धरलं आणि दुसऱ्याने इतकं हळू कापलं की भुसा त्यांच्या बाहीवर साचत गेला. मी शिडी धरून होते. फळी सुटली, तेव्हा त्यांनी ती खाली पडू न देता खिशात घातली.

आम्ही दूर सरकलो. तारेवर नर चोचीत अळी घेऊन बसला होता. तो आला, फळी असायची तिथे पंख फडफडवत राहिला आणि परत तारेवर गेला. आत पिल्लांचा कालवा चालला होता. आईने माझं मनगट धरलं होतं. तिला ते कळलं नसावं. नर पुन्हा आला. या वेळी त्याने भोकाच्या कडेला नख्या रोवल्या, क्षणभर उभा लोंबकळला आणि आत शिरला.

कावळाही येऊन गेला. त्याने दारापुढे दोन फेऱ्या मारल्या. पाय टेकायला काहीच नव्हतं.

आईने माझं मनगट सोडलं.

"बाकीना बी कापी टाका," ती वडिलांना म्हणाली, आणि शिडी धरायला स्वतः पुढे झाली.