मूळ पुरुषाला हार घालत नाहीत

पेणकरपाड्यात आमच्या शेजारच्या खोलीत पंढरीनाथ पेंटर राहायचा. माणूस भारी खोडकर. मला तर त्याने जिवंतपणी मारून टाकलं, तेही भरजरी शालू नेसवून. कसं, ते सांगते.

पंढरीनाथ मूळचा रत्नागिरीकडचा. मिरा रोडला दुकानांच्या पाट्या रंगवायचा, पण खरा हात चेहऱ्यांवर. वाढदिवसाचा बोर्ड असो की श्रद्धांजलीचा, पुढाऱ्यांना तो आरशापेक्षा बरे दाखवायचा. मग फ्लेक्स आला. सकाळी फोटो द्या, दुपारी बॅनर न्या. पंढरीनाथाच्या वाट्याला ‘येथे गाडी लावू नये’ असल्या पाट्या उरल्या.

“सरोजाताई,” तो मला म्हणायचा, “आपण काढलेलं एक तोंड तरी भिंतीवर टिकलं पाहिजे. पावसात फाटणार नाय, इलेक्शन झाल्यावर कोण उतरवणार नाय, असं.”

हे तो हसत हसत म्हणायचा. पण त्याची बायको सुगंधा आत भांडी आपटायची, त्यावरून मला कळायचं की हे हसणं काही खरं नाही.

अशात घोडबंदर रोडला, चेणे गावात उदयशेठचा बंगला निघाला. रेती-खडीच्या धंद्यात शेठ वर आला होता आणि आता त्याला वाडा हवा होता. नवा नव्हे, जुना. जुना वाडा नव्याने बांधायचा तर आर्किटेक्ट लागते, म्हणून शुभदा मॅडम आल्या. त्यांनी कोरे करकरीत सागवानी खांब आणवले आणि सुतारांना साखळ्या देऊन ते झोडपायला लावले, का तर लाकूड पेशवाईपासून सोसत आल्यासारखं दिसावं. नव्या समया मुद्दाम काळ्या केल्या. आमच्या घरात सगळं आपोआप काळं होतं, त्याला मात्र कोणी हेरिटेज म्हणत नाही.

वाडा झाला, पण दिवाणखान्याची भिंत रिकामी. तिथे पूर्वज हवेत, असं मॅडमचं म्हणणं. शेठकडे पूर्वजांचा एकही फोटो नव्हता. आजा भाईंदरच्या मिठागरावर राबलेला, त्याला कॅमेऱ्यापुढे कोण उभं करणार? मग मॅडमनी पंढरीनाथाला बोलावून घेतलं. “चेहरे कोणाचेही चालतील,” त्या म्हणाल्या, “फक्त खानदानी वाटले पाहिजेत.”

पंढरीनाथाला हर्ष झाला. घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे सुभेदार. त्यासाठी त्याने आरशात बघून स्वतःलाच पगडी चढवली. मिशा होत्याच. सुभेदारीणबाई म्हणून सुगंधाला बस म्हणाला, तर ती म्हणाली, “मला भाकऱ्या टाकायच्यात.” मी दिवसभर शिलाई मशीनवर बसलेली, आयतीच सापडले. त्याने मला नथ, ठुशी, चंद्रहार, सगळं काही घातलं. तिसरा आमचा दूधवाला. त्याला काळा कोट देऊन बॅरिस्टर केला. कोणाचं तोंड कुठे गेलं, ही गंमत पंढरीनाथात आणि माझ्यातच राहिली. बाहेर फुटली असती तर तिन्ही चित्रं माळ्यावर गेली असती आणि पंढरीनाथाची उमेदही.

वास्तुशांतीला शेठने सगळ्या कारागिरांना घरच्यांसकट जेवायला बोलावलं. वाड्याचे पडदे मी शिवलेले, म्हणून मी आणि माझा नवराही निघालो. “तू कशाला येतेस, ऊन लागेल,” असं पंढरीनाथ बायकोला परोपरीने सांगत होता. सुगंधा सगळ्यांच्या आधी टेम्पोत जाऊन बसली.

दिवाणखान्यात शेठचे काका, सगळे त्यांना दाजी म्हणायचे, पाहुण्यांना चित्रं दाखवत होते. “हे आमचे सुभेदार. उदयचं नाक बघा, तेच नाक!” पाहुणे माना डोलवत होते. इथवर ठीक होतं. पण शेठाणी निशावहिनींनी सकाळीच भक्तिभावाने तिन्ही चित्रांना गंध लावून झेंडूचे हार घातले होते.

सुगंधाने ते बघितलं. मी तिला चिमटा काढला. “अगं, चल, तिकडे जिलेबी आहे.” तिला ऐकूच गेलं नाही. खांबांसारखंच झोडपून म्हातारं केलेलं एक स्टूल तिने फरफटत आणलं, वर चढली आणि हार ओढून काढला.

“ह्यांना हार कोणी घातला? माझा नवरा जिवंत हाय! तो बघा, जिलेबीच्या लाईनीत!”

सगळ्यांनी वळून बघितलं. पंढरीनाथ ताट घेऊन उभा. त्याच मिशा, तेच डोळे, पगडी तेवढी नव्हती. मॅडम छत न्याहाळू लागल्या. शेठ लालबुंद झाला. पंढरीनाथाचं तोंड बघून मला रडू यायचं बाकी होतं. गेलं सगळं, असं त्याला वाटलं असणार.

पण दाजींची तर पंचाईतच झाली. एवढ्या लोकांना नाक दाखवून झालं होतं, आता मागे कसं फिरणार? “बाई,” ते घसा साफ करून म्हणाले, “तुमचे मिस्टर आमच्या सुभेदारांसारखे दिसतात, त्याला आम्ही काय करणार?”

शेठने ते वरच्या वर झेललं. “अरे, म्हणून तर याला काम दिलं! बघितल्या बघितल्या म्हटलं, सेम टू सेम!”

“दिसूदेत,” सुगंधा स्टुलावरूनच म्हणाली. “पण हार न्हाय घालायचा.”

“पण बाकीच्यांना आहे की,” एक पाहुणा बोलला.

तेव्हा मॅडमनी नजर छतावरून खाली आणली. “ॲक्चुअली, या घराण्यात मूळ पुरुषाला हार घालत नाहीत. फार जुनी परंपरा आहे.”

चित्रं राहिली. शेठ आता ही परंपरा स्वतः अभिमानाने सांगतो. मॅडमच्या ओळखीने पुढे पंढरीनाथाला कामंही मिळाली, आणि घोडबंदर रोडच्या कितीतरी बंगल्यांत आमच्या पेणकरपाड्याची माणसं पूर्वज म्हणून लागली.

त्या दिवशी परतताना टेम्पोत सुगंधा नवऱ्याला खेटून बसली. त्याची बाही तिने घर येईपर्यंत सोडली नाही. खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. माझा नवरा वाल्मिक शेजारीच बसला होता, जिलेबी खाऊन सुस्त.

“माझ्या चित्राला पण हार होता,” मी म्हटलं. “बघितलात ना?”

“बघितला की,” तो म्हणाला. “झेंडू ताजा होता.”